उजेड अंगावरचा आणि अंगातला

‘नेपथ्य आणि प्रकाशयोजना पूरक.’ मराठी नाट्यसमीक्षणातले हे शेवटाकडचे वाक्य आता पाठ झाले आहे. अलीकडे त्याला एक तत्त्वही जोडले जाते: जी जाणवत नाही तीच उत्तम प्रकाशयोजना. असेच एक समीक्षण गेल्या महिन्यात मी मैसूर जिल्ह्यातल्या सरगूरला, एका स्नेह्याच्या ओसरीवर बसून वाचले. तिथे वाचले म्हणूनच ते जास्त खटकले.

कारण याच कर्नाटकात उजेडावाचून उभेच राहू शकत नाही असे एक नाटक पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. तोगलु गोंबेयाट, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. तो परंपरेने करणारा किळ्ळेक्यात समाज खेळ कन्नडमध्ये करतो, पण त्यांच्या घरात बोलली जाते ती मराठीचीच एक बोली. कातडे आरपार उजेड येईपर्यंत खरवडायचे, रंगवायचे, दागिन्यांच्या जागी बारीक भोके पाडायची. पुढे पांढरा पडदा, मागे दिवा, मधे बाहुली. ती पडद्याला टेकवली की कडा रेखीव आणि रंग गडद. दिव्याकडे मागे नेली की आकार वाढतो आणि कडा विरघळू लागतात. तेलाच्या दिव्याची ज्योत थरथरली की स्थिर धरलेला मारुतीही श्वास घेतो. दिवा विझवा, हातात रंगवलेले कातडे उरते. इथल्या उजेडाला पूरक म्हणणे म्हणजे गळा गाण्याला पूरक आहे असे म्हणणे.

हा लोककलेचा मामला आहे, आधुनिक रंगभूमीशी त्याचा काय संबंध, असे कुणी विचारेल. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जे मराठी नाटक उभे केले त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवतांचे खेळ होते, एवढे आठवले तरी पुरे.

‘न जाणवणाऱ्या’ प्रकाशाचे मत मात्र एका वाक्यात निकालात काढता येत नाही, कारण ते प्रामाणिक कंटाळ्यातून आले आहे. स्पर्धेच्या नाटकांत खून झाला की लाल, रात्र झाली की निळा, आणि लेखकाला प्रवेश संपवता आला नाही की ब्लॅकआऊट, हे आपण सगळ्यांनी सोसले आहे. त्या कंटाळ्याशी मी सहमत आहे. त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी नाही. नटाचा आवाज जाणवला म्हणून आपण त्याला दोष देतो का? नाट्यपदात तबला ऐकू येतो म्हणून तबलजी वाईट ठरतो का? जाणवणे आणि लक्ष उडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक केल्या की प्रकाशयोजनाकार नोकर ठरतो आणि त्याची परीक्षा एवढीच उरते की तो पाऊल न वाजवता आला आणि गेला. उत्पल दत्तांच्या ‘अंगार’मध्ये (१९५९) तापस सेनांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी प्रकाशाने उभे केले. ते जाणवले नसते, तर ते खाणकामगार बुडालेच नसते.

उलट बाजूला एलईडीच्या भिंती लावून त्याला दृश्यभाषा म्हणणारे आहेत. ती रोषणाई आहे. मैसूरचा राजवाडा ती अधिक चांगली करतो.

म्हणून जाणवणारा की न जाणवणारा, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भेद: अंगावर टाकलेला उजेड आणि अंगातून येणारा उजेड. निळा रंग काढून टाकला तरी संवादातली रात्र तशीच राहते. तो उजेड पात्राने नुसता पांघरलेला असतो. याउलट एक बदल काढताच पात्राच्या मनातले काही नाहीसे होत असेल, तर तो उजेड त्याच्या आतला होता. माणसाची कातडी शेळीच्या खरवडलेल्या कातड्यासारखी नसते, हे मान्य. नटातून उजेड आरपार जात नाही. पण नट उजेड घेतो. तो दिव्याकडे पाठ करतो, अर्धे पाऊल मागे राहतो, चेहऱ्याची एकच बाजू देतो, आणि तेवढ्यात वाक्याचा अर्थ फिरतो.

हे घडायचे तर नट आणि दिवा एकत्र वाढावे लागतात. किळ्ळेक्यात कलावंताला बाहुली पडद्यापासून किती दूर धरायची ते दिव्याला सोडून ठरवताच येत नाही. आपल्याकडे मात्र हालचाली पक्क्या झाल्यावर, बऱ्याचदा रंगीत तालमीच्या दिवशी, दिवे बोलावले जातात. मग जे लागतात ते अंगावरच पडणार, त्यात प्रकाशयोजनाकाराचा दोष किती?

कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. आयुष्यभर त्यांनी दिव्यासमोर बाहुल्या धरल्या. त्यांच्या कलेला आपण लोककलेच्या रकान्यात ठेवून मोकळे झालो.

समीक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी ‘पूरक’ हा शब्द गाळा. कोणत्या क्षणी, कोणत्या पात्रावर, कोणत्या बाजूने उजेड आला आणि त्याने ते पात्र बदलले का, एवढेच लिहा.