ठिगळाची आतली बाजू

गंज बाहेरून लागतो ही समजूत खोटी आहे. अँबॅसॅडरच्या दरवाजाच्या तळाशी पाणी निथळायला भोकं असतात. ती धुळीनं बुजतात, पाणी आत कोंडतं आणि पत्रा आतून सडत येतो. बाहेर रंग चकाकत असतो. एक दिवस रंगाला फोड येतो, तोवर आत काही उरलेलं नसतं. कुणाला यात समाज दिसत असेल तर दिसू द्या. मी सध्या दरवाजाबद्दलच बोलतोय.

सहा दिवस मी डाळ मिलमध्ये, तुरीची धूळ खात. रविवारी पिंप्राळ्याहून सायकल काढतो आणि हायवेवरच्या गॅरेजात चाचांच्या हाताखाली पत्रा ठोकतो. गेल्या पावसाळ्यात एका शेठची गाडी आली. 1968 ची, मार्क टू. तिची व्हिंटेज म्हणून नोंद करायची होती. 2021 च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांवरची पाहिजे, मूळ रूपात राखलेली, फार मोठी फेरदुरुस्ती न झालेली. शेठ म्हणाले, "सांधा दिसला नाही पाहिजे. सगळं ओरिजिनल वाटलं पाहिजे. अन् बाहेर बोलायचं नाही."

ओरिजिनल! उत्तरपाड्याचा कारखाना 2014 ला बंद पडला. दरवाजाचं बूड आता चाचांच्या हातातून निघणार. अन् बुडाला ठिगळ लावल्यानं कायदा काही मोडत नाही. मग बोलायचं का नाही?

चाचा हातोडीच्या दांड्यानं दरवाजा वाजवत जातात. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडका भद्द करतो. आवाज स्वच्छ आला की त्याच्या बोटभर पुढं खडूची रेघ. तेवढं सगळं कापायचं. मी म्हणलं, "चाचा, निम्मं तर वाचतंय, वरून पुट्टी मारू." चाचा म्हणाले, "मार की. दोन पावसाळे जातील."

मग पुठ्ठ्याचा फर्मा. त्यावरून 20 गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटरचा पत्रा कापायचा, वाळूच्या गोणीवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायचा. (मोगरी म्हणलं की आमच्या गावाला आषाढीच्या रथाची मोगरी आठवते, चाकाखाली सारून रथ आवरतात ती. ही वेगळी.) ठोकलं की पत्रा पसरतो, पातळ होतो, अन् कडक होत जातो. फार कडक झाला तर चिरतो. तेव्हा गॅसनं लाल करून सावकाश निवू द्यायचा, पुन्हा मऊ पडतो. माणसाचं तसं होत नाही, भो. माझा आजा जिनिंगात हमाल होता. मालकाची मोटार चिखलात रुतली की त्याला हाक यायची. ढकलायला त्याचे हात चालायचे, टेकायला तो चालायचा नाही. कडक झाला तो तसाच गेला.

माझे पहिले दोन तुकडे वाया गेले. तिसरा बसला. तो बसत असताना डोक्यात एकच: काम चांगलं झालं तर सांधा दिसणार नाही, म्हणजे मी दिसणार नाही. सांधा दिसला तर मी भिकार कारागीर. मग इमान राखायचं कुणाशी, कामाशी की स्वतःशी? वाटलं, एक टाका मुद्दाम जाड ठेवावा. शेठच्या डोळ्यात खुपू दे आयुष्यभर.

तेव्हा चाळीसगाव आठवलं. आपल्याच जिल्ह्यातलं. 1929 चा ऑक्टोबर. बाबासाहेब धुळ्याहून परतताना तिथं उतरले. वस्तीतल्या लोकांना त्यांना पायी न्यायचं नव्हतं, आणि टांगेवाले बसवायला तयार नव्हते. शेवटी तोड निघाली: टांगा मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग आपल्यातलाच एक जण बसला लगाम धरून. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढं फरशीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय.

त्या हाकणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याच्या हातात लगाम आधी कुणी दिला होता? पण मला त्यातून एवढं कळलं की मान आपल्या हातात आला आणि कसब आलं नाही, तर मोडतो तो आपल्याच माणसाचा पाय. वाईट काम करून सूड घ्यायचा विचार मी तिथंच सोडला. टाके नीट घातले. एक इथं, एक लांब तिथं, मधे थांबत. एका दमात ओढलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो.

पण गप्प बसायचं हे काही पटत नव्हतं. म्हणून तुकडा बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला अक्षरांचे पंच घेऊन माझं नाव ठोकलं, चाचांचं ठोकलं, खाली साल. शेठला ते कधी दिसणार नाही. उद्या कधीतरी हा दरवाजा पुन्हा सडेल, कुणी पोरगा कापायला घेईल, त्याला दिसेल. हा मान झाला की चोरून केलेला मान, हे मला अजून नक्की ठरवता येत नाही. तुम्ही म्हणाल, शेठच्या तोंडावर सांगायचं होतंस. सांगितलं असतं, तर पुढची गाडी चाचांकडे आली नसती. तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडं एवढंच आहे, आणि ते पुरतं का, मला माहीत नाही.

चाचांनी अक्षरं पाहिली. चष्मा वर केला, बोटानं चाचपली. म्हणाले, "आतून प्रायमर नीट मार बेटा. नाहीतर नावच पहिलं सडेल."

दोन हात मारले. अक्षरं प्रायमरखालूनही बोटाला लागत होती. पुढच्या रविवारी डावा दरवाजा घेतला.