सब्र म्हणजे उपचार टाळणे नव्हे

फजरनंतर एका तरुणाने हळूच विचारले, “मौलाना, समुपदेशकाकडे गेलो तर माझे ईमान कमकुवत ठरेल का?” पूर्वी अशाच एकाला मी केवळ सब्राचा उपदेश करून परत पाठविले होते, ती चूक आजही सलते.

पुत्रविरहाने हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पांढरे पडले, असे दिव्य कुरआन (१२:८४) सांगतो. व्यथा त्यांनी अल्लाहपाशीच मांडली, तरीही मुलांना यूसुफ (अलै.) यांच्या शोधास धाडले. इ.स. ९३४ मध्ये निवर्तलेल्या अबू झैद बल्खी यांनीही देह व मन या दोहोंच्या आरोग्याचा विचार एकाच ग्रंथात केला.

मग उपचार हा तवक्कुलला छेद कसा ठरेल? मी त्याला म्हणालो, “नमाज सोडू नका, आणि उपचारही.”