अपेक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा : संथ नाटक आणि त्याच्या प्रेक्षकाची नैतिक भूमिका

१

नाट्यानुभवाची चर्चा सामान्यतः पडदा उघडल्यापासून सुरू होते. प्रेक्षक आसनावर येऊन बसण्यापूर्वी त्याच्या मनात जे घडून गेलेले असते त्याला समीक्षेत फारसे स्थान मिळत नाही. मिळालेच तर नाट्यव्यवसायाचा अथवा जाहिरातीचा विषय म्हणून मिळते. वस्तुतः एखाद्या नाटककाराचे नवे नाटक येणार असल्याचे कळते तेव्हापासूनच प्रेक्षकाचा त्या नाटकाशी संबंध सुरू झालेला असतो, आणि हा संबंध केवळ मानसिक नसून नैतिकही असतो. अद्याप न पाहिलेल्या कृतीविषयी मनाशी काही ठरवून ठेवणे म्हणजे तिच्यावर एक प्रकारचा हक्क सांगणे होय. असा हक्क प्रेक्षकाला कोठून मिळतो, आणि तो कोठे संपावा, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

संथ गती हेच ज्याच्या लेखनाचे ओळखचिन्ह झाले आहे अशा नाटककाराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. अशा नाटकात वाट पाहणे ही प्रयोगापूर्वीची अवस्था उरत नाही. ती प्रयोगाचा आशयच बनते. अमेरिकन नाटककार अ‍ॅनी बेकर यांची नाटके आणि त्यांचा न्यूयॉर्कमधील प्रेक्षक यांच्या संबंधात या प्रश्नाच्या बहुतेक बाजू स्पष्टपणे दिसतात.

विवेचनापूर्वी काही शब्दांकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, या एकाच धातूपासून अपेक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा आणि प्रेक्षक हे चारही शब्द सिद्ध झाले आहेत. मराठीत अपेक्षा ‘ठेवली’ जाते, ती ‘पुरी’ होते किंवा तिचा ‘भंग’ होतो; म्हणजे तिच्यात देण्याघेण्याचा व्यवहार गृहीत आहे. वाट मात्र ‘पाहिली’ जाते. वाट पाहणाऱ्याची दृष्टी रस्त्यावर असते आणि त्या रस्त्याने कोण, केव्हा, कोणत्या रूपात येईल यावर त्याची सत्ता नसते. उपेक्षा म्हणजे समोर असलेल्याकडे पाहूनही न पाहणे. अपेक्षा आणि उपेक्षा ही परस्परविरुद्ध टोके आहेत असा सर्वसाधारण समज असतो. पण अपेक्षा जसजशी निश्चित होत जाते तसतशी ती उपेक्षेच्या जवळ सरकते. मनातल्या नाटकाकडे डोळे लावून बसलेल्या प्रेक्षकाला समोरचे नाटक दिसत नाही.

२

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठातील आपल्या व्याख्यानात ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. कोणतीही साहित्यकृती वाचकाच्या पूर्वानुभवाने घडलेल्या क्षितिजावर अवतरते, आणि त्या क्षितिजापासून ती जितकी दूर असते तितकी तिची कलात्मकता जाणवते, असा त्यांच्या मांडणीचा आशय. नाट्येतिहासात याचे दाखले शोधावे लागत नाहीत. ऑक्टोबर १८९६ मध्ये पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात चेकॉव्हच्या ‘सीगल’चा पहिला प्रयोग कोसळला. तो प्रयोग लेव्कियेवा या लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीच्या सत्कारार्थ होता आणि प्रेक्षक हसण्याच्या तयारीने आलेले होते. दोन वर्षांनी, डिसेंबर १८९८ मध्ये, मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक केले तेव्हा पहिला अंक संपल्यावर सभागृहात काही क्षण शांतता पसरली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चा इतिहास याहून बोलका आहे. जानेवारी १९५६ मध्ये मायामी येथे त्याचा प्रयोग धमाल विनोदी नाटक म्हणून जाहीर करण्यात आला, आणि सुट्टी घालवण्यासाठी आलेले प्रेक्षक मोठ्या संख्येने मध्येच उठून गेले. नोव्हेंबर १९५७ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १,४०० कैद्यांसमोर हेच नाटक झाले. स्त्रीपात्रे नाहीत हेही त्याच्या निवडीचे एक कारण होते. कैद्यांनी ते शेवटपर्यंत पाहिले, आणि मार्टिन एस्लिन यांनी १९६१ मधील आपल्या ग्रंथाचा आरंभच या प्रयोगाच्या हकिकतीने केला.

या दाखल्यांतून सहसा असा निष्कर्ष काढला जातो की चुकीची अपेक्षा घातक आणि अपेक्षेचा अभाव हितकर. तो अपुरा आहे. कैदी कोऱ्या मनाने बसलेले नव्हते. वाट पाहणे म्हणजे काय हे त्यांना मायामीच्या प्रेक्षकापेक्षा फार चांगले ठाऊक होते. फरक होता तो वेळेशी असलेल्या नात्यात. मायामीच्या प्रेक्षकाने आपली संध्याकाळ विकत घेतलेली होती आणि तिचा मोबदला त्याला हवा होता. कैद्याची वेळ त्याच्या मालकीचीच नव्हती. तेव्हा अपेक्षेचा प्रश्न हा मुळात वेळेच्या मालकीचा प्रश्न आहे. याउस यांची संकल्पना सामूहिक व ऐतिहासिक असल्यामुळे या मालकीविषयी काही सांगत नाही. बेकर यांच्या नाटकांत मात्र तीच केंद्रस्थानी येते.

३

बेकर यांच्या ‘द एलियन्स’ (२०१०) या नाटकाचा निदान एक तृतीयांश भाग शांततेचा असावा, अशी सूचना संहितेतच आहे. मार्च २०१३ मध्ये प्लेराइट्स होरायझन्स या संस्थेने सॅम गोल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली ‘द फ्लिक’ रंगभूमीवर आणले. मॅसॅच्युसेट्समधील एका जुनाट चित्रपटगृहात हे नाटक घडते. रंगमंचावर खुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या असतात आणि त्यांचे तोंड प्रेक्षागृहाकडे असते, म्हणजे एक प्रेक्षागृह दुसऱ्यासमोर उभे केलेले असते. खेळ संपल्यावर दोन कर्मचारी त्या रांगांमधून सांडलेल्या लाह्या झाडतात. संवाद तुटक असतात. झाडणे मात्र पूर्ण होते. प्रयोग तीन तासांहून अधिक चालतो.

या संस्थेचा प्रेक्षक बऱ्याच अंशी वर्गणीदार होता. वर्गणीदार हा प्रतीक्षेचा एक विशेष प्रकार होय: नाटक कोणते हे पुरते माहीत होण्यापूर्वीच त्याने विश्वासाने पैसे भरलेले असतात. यांतील अनेक जण मध्यंतरात निघून गेले. काहींनी संस्थेकडे तक्रारी केल्या. तत्कालीन कलात्मक संचालक टिम सॅनफर्ड यांनी वर्गणीदारांना पत्र पाठवून नाटकाच्या लांबीविषयीची भूमिका स्पष्ट केली आणि नाटकाची पाठराखण केली. पुढे २०१४ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पारितोषिकामुळे वादाचा निकाल लागला असे मानण्याकडे रसिकवर्गाचा कल असतो: उठून गेलेले अरसिक ठरतात, बसून राहिलेले सहृदय. परंतु पारितोषिक हा नैतिक युक्तिवाद नव्हे. उठून गेलेल्या प्रेक्षकाची बाजू नीट मांडली गेली पाहिजे. आपल्या आयुष्यातील तीन तास दुसऱ्याच्या स्वाधीन करणे ही लहान गोष्ट नाही. घरी आजारी माणूस असेल, शेवटची गाडी पकडायची असेल, किंवा समोर चाललेले झाडणे आपण रोजच करतो असेही कोणाला वाटले असेल. संयम हा गुण खरा. पण तो अंगी बाणवण्यासाठी लागणारी फुरसत समाजात समप्रमाणात वाटलेली नाही. तासावर मजुरी घेणाऱ्या माणसांचा कंटाळा तीन तास निवांतपणे न्याहाळणे ज्यांना परवडते, ती माणसे बहुधा तासावर मजुरी घेणारी नसतात. हा अंतर्विरोध बेकर यांच्या नाटकाबाहेरचा नाही. रंगमंचावरील रिकाम्या खुर्च्या प्रेक्षकाच्या खुर्चीसमोर मांडून नाटकानेच तो उभा केला आहे.

उठून जाण्यातही एक प्रामाणिकपणा असू शकतो. त्या प्रेक्षकाला नाटकाची गती खरोखर जाणवली. ती त्याला सोसली नाही इतकेच. याउलट ‘बेकर यांचे नाटक म्हणजे शांतता’ हे आधीच ठाऊक असलेला चाहता प्रत्येक विराम ओळखीच्या चिजेसारखा स्वीकारत जातो. ज्याला ती जाणवलीच नाही त्याने ती सोसली असे म्हणता येत नाही.

४

‘द फ्लिक’च्या उत्तरार्धात या चाहत्याची कसोटी लागते. चित्रपटगृहातील कर्मचारी तिकिटांच्या पैशांतून थोडी रक्कम गुपचूप आपसांत वाटून घेत असतात. नवा आलेला एव्हरी हा कृष्णवर्णीय तरुण नाखुशीनेच त्यात सामील होतो. मालक बदलतो, जुन्या फिल्मच्या प्रक्षेपकाच्या जागी डिजिटल यंत्र येते, आणि पैशांचा प्रकार उघडकीस येतो तेव्हा दोष एकट्या एव्हरीवर येतो. सॅम आणि रोझ हे त्याचे सहकारी त्याच्या बाजूने उभे राहत नाहीत. त्यांनाही नोकरी हवी असते. त्यांची कारणे खोटी नसतात. पण त्यांनी बोलायला हवे असते, आणि ती दोघे बोलत नाहीत.

येथवर प्रेक्षकाने मौनाला समृद्ध मानायला शिकलेले असते. दोन माणसांमधील न बोललेले काहीतरी मूल्यवान असते असा संस्कार आधीच्या दृश्यांनी त्याच्यावर केलेला असतो. आता तेच मौन, त्याच खुर्च्यांमध्ये, तितक्याच संथपणे, विश्वासघाताचे साधन बनते. बाह्यतः दोन्ही मौनांत काही फरक नाही. जो प्रेक्षक मौनाची अपेक्षा घेऊन आला आहे त्याला येथेही आपली अपेक्षा पुरी झाल्याचे समाधान मिळण्याचा धोका आहे, कारण त्याच्या लेखी हा आणखी एक उत्कट विराम असतो. ज्याने मौनाचे मूल्य आधी ठरवून ठेवलेले नाही, त्यालाच हे मौन अपराध म्हणून ऐकू येते.

संथपणा हे स्वतःसिद्ध मूल्य नव्हे, हे या नाटकाचे महत्त्वाचे सांगणे आहे. लक्ष देणे आणि अंग चोरणे या दोन्हींसाठी वेळ लागतो, आणि दोन्हींत माणूस गप्प असतो. त्यांतला भेद गतीवरून कळत नाही. समोरच्या माणसाचे काय होते यावरून कळतो. म्हणून संथ नाटकाच्या समर्थनार्थ केले जाणारे ‘धावत्या युगाला विरोध’ हे विधान पुरेसे नाही. गती कमी करणे ही नीतीची पूर्वअट असू शकेल, नीती नव्हे.

५

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ हे येथे विशेष प्रस्तुत आहे: स्वतःच्या सुखदुःखाने व्यापलेला प्रेक्षक दुसऱ्या कशाशी तन्मय होऊ शकत नाही. या विघ्नाचा अर्थ सहसा घरून आणलेल्या चिंता असा केला जातो. अपेक्षित सुख हाही त्याचाच एक प्रकार मानावयास हवा. आधीच्या नाटकाने दिलेला आनंद पुन्हा मिळावा ही इच्छा चिंतेइतकीच मनाला व्यापते, आणि ती रसिकतेच्या वेषात येत असल्यामुळे विघ्न म्हणून ओळखू येत नाही. सिमोन वेय यांनी १९४२ मधील एका निबंधात अवधानाचे जे वर्णन केले त्याचा रोख याच दिशेने आहे. अवधान म्हणजे स्नायू आवळून केलेला शोध नव्हे. विचार स्थगित ठेवून, रिकाम्या मनाने, येणाऱ्याला जागा देणे होय.

प्रेक्षकाच्या अशा पूर्वनिश्चित सुखाला बेकर यांची नंतरची नाटके सहज शरण जात नाहीत. ‘जॉन’ (२०१५) मध्ये अतिथिगृहाची वृद्ध मालकीण स्वतःच्या हाताने पडदा सरकवते आणि घड्याळाचे काटे फिरवते. काळ आपोआप वाहत नाही, तो कोणीतरी पुढे नेते, हे प्रेक्षकासमोर उघडपणे मांडले जाते. ‘द अँटिपॉडिस’ (२०१७) नंतर त्यांचे नवे नाटक येण्यास सहा वर्षे लागली. इतक्या काळात अपेक्षा साचत जाणे स्वाभाविकच होते. २०२३ मध्ये अटलांटिक थिएटर कंपनीने जेम्स मॅक्डोनाल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली ‘इन्फिनिट लाइफ’ सादर केले तेव्हा ते दोन तासांहूनही कमी वेळाचे निघाले. उत्तर कॅलिफोर्नियातील एका उपवास-चिकित्सालयात वेदनाग्रस्त स्त्रिया आरामखुर्च्यांवर पडून असतात, आणि त्यांतील सोफी ही मधूनमधून प्रेक्षकांकडे वळून किती वेळ लोटला ते सांगते: कधी मिनिटे, कधी तास. दीर्घ प्रयोगाची तयारी करून आलेल्याला येथे उलट अनुभव येतो. प्रेक्षकाला काळ भोगावा लागत नाही. भोगणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तो नुसता कळवला जातो.

वेदनेच्या संदर्भात ही योजना अर्थपूर्ण ठरते. दुसऱ्याच्या वेदनेचा कालावधी बाहेरच्याला आकड्यांतच कळतो. त्याची लांबी कळत नाही. ‘द फ्लिक’मध्ये प्रेक्षक पात्रांच्या वेळेत बसून असतो, निदान तसा त्याचा समज होतो. ‘इन्फिनिट लाइफ’ हा समजही काढून घेते. संथपणे शेजारी बसून राहिल्याने दुसऱ्याचा काळ आपलासा होतो, या चाहत्याच्या अखेरच्या विश्वासालाच ते प्रश्न विचारते. जो संथपणाची मागणी घेऊन आला तो येथे काहीतरी हरवल्याची तक्रार करील. जो केवळ वाट पाहत आला त्याला आपल्या आणि त्या स्त्रियांच्या मधले अंतर दिसेल.

अपेक्षेशिवाय कोणी नाट्यगृहात येत नाही आणि येऊही शकत नाही. ज्याला कशाचीच आशा नाही तो तिकीट काढीत नाही. म्हणून निरपेक्ष प्रेक्षक हा आदर्श म्हणूनही पोकळ आहे. प्रेक्षकाकडून मागता येईल ती गोष्ट याहून लहान, पण अधिक अवघड आहे: आपली अपेक्षा ही आपली आहे, नाटककाराने घेतलेले कर्ज नव्हे, याची जाणीव ठेवणे, आणि ती भंगल्यावर समोर काय उरले आहे ते पाहण्याइतका वेळ थांबणे. उठून जाण्याचा त्याचा अधिकार त्यामुळे बाधित होत नाही. फक्त उठून जाणाऱ्यालाच नव्हे तर कौतुकाने बसून राहणाऱ्यालाही तोच प्रश्न लागू होतो, की त्याने रंगमंचाकडे पाहिले, की स्वतःबरोबर आणलेल्या नाटकाकडे. सॅम आणि रोझ गप्प राहतात त्या क्षणी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रेक्षकापुरते ठरते.