जास्वंदीवरचं माकड

कुडाळच्या एका मुलीला फुलपाखरांचं वेड होतं. बाबांच्या मागे लागून तिने आंबोली पाहिली, पारपोली पाहिली. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर होतं. घरामागच्या परड्यासाठी मात्र त्या वहीत एक ओळही नव्हती. तिथे काय, पेरू आणि जास्वंद!

शिमगा सरला आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. शेंडे पांढरे झाले, कळ्या आकसल्या. आजीने कोयता हातात दिला. "चेडवा, ती फांदी तोड आणि जाळून टाक."

मुलीने फांदी वाकवली. त्या पांढऱ्या पिठातला एक गोळा हळूच पुढे सरकला. निरखून पाहिलं तर ती अळी होती. ढेकणांचंच पीठ पाठीवर घेऊन ती त्यांना एकेक करून खात होती. गोड रसासाठी ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्याही तिला ओलांडून निघून जात होत्या. शेजारच्या पानाला तुरीच्या दाण्याएवढा तपकिरी कोष चिकटला होता. मुलीने डोळा अगदी जवळ नेला. दोन काळे डोळे, बसकं नाक, मिटलेलं तोंड. हुबेहूब माकड!

कोयता तिथेच ठेवून ती पुस्तक घेऊन आली. एपफ्लाय. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या पानं खातात, ही मांसाहारी. मोठं झाल्यावर हे फुलपाखरू अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठं नसतं आणि रंगाने मातकट, म्हणून ते समोरून उडालं तरी कोणी वळून बघत नाही. नोंदी कमी राहतात त्या यामुळेच. दुर्मीळ ते दूर असणार, असं आपण उगाच धरून चालतो.

"आजी, ह्यो किडो त्या ढेकणांकाच खाता. फांदी नको गे तोडू."

आजीने चष्मा लावला, पान उलटं करून बराच वेळ पाहिलं. "गो बाय, ह्या तर खराच माकडाचा तोंड!"

मुलीने वहीत नवं पान उघडलं: कुडाळ, आमचं परडं, जास्वंद. ती लिहीत होती तेवढ्यात आजी आत गेली, जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी घेऊन आली आणि फांदी कोणी चुकून तोडू नये म्हणून तिने ती देठाशी सैल बांधली.