ब्रेक कोणासाठी?

आमच्या घरी एक जुनी रेसिंग सायकल आहे. बारीक चाके, खाली वळलेले हँडल आणि सगळे भाग मूळचे. म्हणूनच ब्रेकची रबरे बदलायला आम्ही टाळत होतो. एक बाजू झिजली होती. उरलेले रबर वर्षांनुवर्षांत कडक झाले होते. पहिल्याच पावसात ओल्या पोलादी रिमवर ब्रेक लागला नाही आणि रस्ता ओलांडणारी एक आजी थोडक्यात वाचली.

त्या रात्री प्रश्न पडला, जुने जपणे चांगले, पण कोणाच्या जिवावर? ब्रेक सायकल चालवणाऱ्यासाठी असतो, असे आपण धरून चालतो. खरे तर तो वाटेवरच्या अनोळखी माणसासाठीही असतो. आपण थांबू, एवढ्याच भरवशावर तो पाऊल टाकतो.

दुसऱ्या दिवशी नवी रबरे बसवली. रबराच्या पकडीची बंद बाजू पुढे ठेवावी लागते, नाहीतर ब्रेक दाबताच रबर निसटू शकते. ते टायरला न लागता रिमलाच टेकले पाहिजे. तासाभराचेही काम नव्हते!

रबराने झिजावे आणि चाक थांबावे, यासाठीच ते असते. ते तसेच राखण्याचा हट्ट म्हणजे निष्ठा नव्हे. आपण जपून ठेवलेले किती आणि आळसाने तसेच राहू दिलेले किती, हे एकदा तपासू या. सुरुवात घरच्या सायकलीपासून करायला काय हरकत आहे?