डोंगरातल्या घरचे पाणी

शिरूर तालुक्यातल्या केंदूरच्या माणसाला पाण्याचे मोल बाहेरच्या कोणी सांगायला लागत नाही. वेळ नदीवरचा थिटेवाडीचा बंधारा तळाला गेला की गावाची झोप उडते. टँकर आला की कोणाच्या दारात किती हंडे उतरले हे शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ असते. कळमोडी धरणाचे पाणी केंदूर-पाबळ पट्ट्याला मिळावे म्हणून इथली माणसे वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करत आली आहेत. म्हणून उन्हाळी सुट्टीत इथली कुटुंबे डोंगरात कोणाच्या घरी मुक्कामाला जातात, तेव्हा त्यांच्याकडून माझी अपेक्षा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपेक्षा जास्त आहे.

मंचर, घोडेगाव करत डिंभे धरणाच्या कडेकडेने रस्ता आहुप्याकडे चढतो. ही महादेव कोळ्यांची वस्ती, भीमाशंकरच्या जंगलाला लागून. हल्ली इथल्या काही घरांतून पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय होते. मेअखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, काजव्यांसाठी माणसे या डोंगरांत येतात. गेल्या सुट्टीत आम्ही पोराबाळांसह अशाच एका घरी उतरलो. अंगणभर बाळहिरडा वाळत घातला होता. हिरडा हे या घरांचे उन्हाळ्यातले रोख पैशाचे पीक. झाडावर चढून झोडायचा, पोरासोरांनी वेचायचा, वाळवून विकायचा. आमच्या मागोमाग दुसऱ्या पाहुण्यांची गाडी आली, तिला जागा हवी होती. घरच्या मावशी काही न बोलता खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी हिरडा गोळा करून पाटीत भरू लागल्या. गाडीतले कोणी म्हणाले नाही, की राहू द्या, आम्ही खाली रस्त्याला लावतो.

घरातली पुढची खोली आम्हाला दिलेली. आजोबा पडवीत घोंगडी टाकून निजले. सकाळी मावशी माझ्या बहिणीला जरा संकोचाने म्हणाल्या, "ताई, पोरांची आंघोळ सांजच्याला ठिवा. आत्ताचं पाणी पिण्यापुरतंच हाय." बहीण केंदूरची. तिने उलट विचारले, "मावशी, पाणी कुठनं आणता? चला, मी येते." दोघी कळशा घेऊन खालच्या झऱ्यावर गेल्या. झरा म्हणजे कातळातला हातभर खड्डा. वाटीने पाणी उपसायचे, कळशी भरेपर्यंत थांबायचे, मग चढ चढायचा. त्या दिवशी आमच्यातल्या कोणी आंघोळ केली नाही, आणि कोणाचे काही बिघडले नाही. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी मात्र गरम पाण्याच्या बादल्या मागून घेतल्या. पैसे दिलेत ना, असा त्यांचा सूर होता.

माझे म्हणणे त्या सुरापाशी येऊन थांबते. पैसे दिले ते अंथरुणाचे आणि ताटाचे. मावशींनी चढावर आणलेली कळशी त्या दरात धरलेली नसते. आजोबांची झोप आणि अंगणातला हिरडाही नसतो. हे त्या घराने आपल्या पदरचे घातलेले असते. लॉजमध्ये नळ सोडला की मालकाचे वीजबिल वाढते. इथे कोणाच्या तरी डोक्यावर आणखी एक खेप वाढते. ज्याने असे पाणी आयुष्यभर वाहिले आहे, त्याला हे दिसले पाहिजे.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तो हजारो मिलिमीटरच्या मापात. आपल्या शिरूरच्या कैक पट. पण काळ्या कातळावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी तिथे ठरत नाही, धावत खाली येते. खाली आपण ते अडवतो. कुकडी प्रकल्पातले डिंभे हे त्यातलेच एक धरण, घोड नदीवर बांधलेले. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगाव याच धरणाच्या पाण्याखाली गेले. कालव्यांनी ते पाणी खालच्या तालुक्यांच्या उसाला पोचते आणि धरणाच्या वरच्या वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात कळशी घेऊन हिंडतात. आपण कळमोडीचे पाणी मागतो तेही अशाच डोंगराचे. म्हणजे पाहुणा म्हणून त्यांच्या उंबऱ्यावर उभे राहण्याआधीच आपण त्यांच्या पाण्याचे मागणारे आहोत. ही मागणी चूक आहे असे मी म्हणत नाही. तहान आपलीही खरी आहे. पण मागणाऱ्याने तिथे कसे वागावे, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

2018 च्या मे महिन्यात सिमल्याला पाण्याची इतकी टंचाई झाली, की तिथल्याच लोकांनी पर्यटकांना येऊ नका म्हणून समाजमाध्यमांवर कळवले. उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला. आपल्या डोंगरवाड्यांतून असा निरोप कधी येणार नाही. घरात पाणी नसले तरी आलेल्या माणसापुढे तांब्या ठेवायचा, ही तिथली रीत आहे. शिवाय पावसाळ्याआधी चार पैसे हाताशी येण्याची त्यांची वेळ नेमकी हीच. जाऊच नका म्हणणे त्यांच्या पोटावर येते, हेही तितकेच खरे.

तेव्हा जावे. पण फोनवर भाव पाडून घेण्याऐवजी आधी विचारावे, झऱ्याला पाणी किती आहे, किती माणसे झेपतील. पंधरा जणांचा गोतावळा न्यायचा तर भाताची कापणी उरकल्यावर, थंडीत न्यावा. तेव्हा ओढे वाहते असतात आणि घरात नवा तांदूळ असतो. मे महिन्यातच जायचे तर चौघांनी जावे, पिण्याचे कॅन मंचरलाच भरून गाडीत टाकावेत आणि गाडी अंगणात घालू नये. पोरांना झऱ्यावर घेऊन जावे, त्यांच्या हातात लहानशी का होईना कळशी द्यावी. जेवणाचा दर मावशी सांगतील तो द्यावा, आणि ताट वाढून झाले की त्यांनाही सोबत बसायला सांगावे. त्या बहुधा बसणार नाहीत. तरी सांगावे.