रांजण कोणाच्या घागरीने भरला?



फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे तुकाराम बीज, आली की आमच्या पैठणात नाथांच्या वाड्यातील रांजण भरण्यास आरंभ होतो. श्रीखंड्याचे रूप घेऊन भगवंताने बारा वर्षे याच रांजणात गोदेचे पाणी वाहिले, अशी आपली श्रद्धा. कोणी घागर आणतो, कोणी कळशी, एखादी म्हातारी नुसता तांब्या आणते. षष्ठीपर्यंत रांजण भरतो. ज्याची घागर ओतताच पाणी बाहेर वाहू लागते, त्याच्या रूपाने भगवंतच आला असे मानून त्याचा मान करतात.

आता प्रश्न असा, की रांजण भरला कोणाच्या घागरीने? शेवटच्या म्हणावे, तर आधीच्या घागरी नसत्या तर तिचे पाणी तळालाच राहिले असते. पहिल्या म्हणावे, तर तिने तळ जेमतेम ओला केला. तात्पर्य, तो सर्वांच्या पाण्याने भरला. आणि गंमत अशी, की एकदा ओतल्यावर आपले पाणी कोणते, हे ब्रह्मदेवालाही निवडता यायचे नाही. जे ओळखता येत नाही, तेच खरे दिले गेले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. पात्र कोण, हे नाथांनी आचरून दाखविले. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. ज्याचा घसा कोरडा, तो पात्र. कुळगोत्र विचारण्याचे कारण नाही.

माझाच एक अपराध सांगतो. एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन माझे होते. शेवटी अन्नदात्यांची नावे वाचली, प्रत्येकाची स्तुती केली. पाऊण तास त्यातच गेला. मंडपामागे हात धुवायला गेलो, तो एक म्हातारी कढया घाशीत बसलेली. सातही दिवस तिचे तेच काम. विचारले, "मावशी, कीर्तन ऐकलंत का?" ती म्हणाली, "ऐकलं की, बुवा. नावं लई होती." एवढेच बोलली नि पुन्हा राख हातात घेतली. त्या रात्री बिदागीचे पाकीट मला जड झाले.

यावर कोणी पूर्वपक्ष करील, "बुवा, नाव घेतले नाही तर पैसा देणार कोण? मंडप काय फुकट उभा राहतो?" शंका रास्त आहे. उत्तर असे, की हिशेब अवश्य वाचावा, पैन् पै वाचावा. तो धर्मच आहे, कारण पैसा लोकांचा. पण हिशेब वेगळा नि स्तुती वेगळी. शिवाय दान न्यायाने मिळविलेल्या द्रव्याचेच. शेतातल्या मजुराची मजुरी थकवून जो भंडारा घालतो, तो मजुराचेच अन्न गावाला वाढतो नि पुण्य आपल्या नावे मांडतो.

उलट, "माझ्यापाशी काय आहे द्यायला?" असे म्हणणाऱ्यानेही स्वतःला फसवू नये. गाडगेबाबांपाशी काय होते? अंगावर चिंध्या नि हातात खराटा. १९५६ साली देह ठेवला, पण पंढरपूर, नाशिक येथे त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांनी केवढ्या गोरगरिबांना आसरा दिला!

षष्ठीनंतर महिन्याच्या आतच गुढीपाडवा येतो. त्या दिवशी चौकाचौकात पाणपोया उघडतात. फलक रंगवतात, हार घालतात. आठ दिवसांनी पाहावे, तर माठ कोरडा नि फलक तसाच! माठ देणारा पुष्कळ मिळतो; भर उन्हात तो रोज भरणारा मिळत नाही. तो तुम्ही व्हा. षष्ठीची यात्रा पांगली की घाटावर झाडू घेऊन दोन तास द्या. निराधार म्हातारीचा पगाराचा कागद भरून द्या. दवाखान्यात एकट्या पडलेल्या रोग्यापाशी एक रात्र बसा. १८ ते ६५ वयाचा निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी, स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. ते कोणाच्या अंगात गेले, हे देणाऱ्याला कळतही नाही. रांजणातल्या पाण्यासारखेच ते. माझे ते वय सरत आले. पण डोळे मृत्यूनंतरही देता येतात. ते साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. मी सांगितले आहे.

असो. शेवटच्या घागरीचा मान का करतात, हे एवढ्याने उलगडावे. ती कोणाची असेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक घागर भगवंताची समजून तिला वाट द्यावी लागते. त्या म्हातारीच्या तांब्यालासुद्धा.

रामकृष्णहरी.